सगळे सारखेच कसे धावतील?

काय दोस्तांनो, शाळेतून आल्या आल्या दप्तर कोपऱ्यात आणि मोबाइल हातात, असंच ना? घाबरू नका. आज मी मोबाइलवरून रागवायला आलेलो नाही. उलट आज आपण तुमच्याच आवडीचं बोलणार आहोत. फुटबॉलचे व्हिडिओ गेम! आणि हो, या गेमनी तुमच्या सरांचा एकदा कान कसा पकडला, तेही सांगणार आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. कोल्हापूरकरांना फुटबॉलचं वेड किती, ते तिथल्या मुलांना सांगायला नको. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी! ते वेड आमच्या गावापर्यंत येऊन पोहोचलेलं आहे. शाळा सुटली की सातवीची मुलं मैदानावर आणि पाऊस असला की मोबाइलवर.

असाच एक पावसाळी दिवस होता. खेळाचा तास वर्गातच चालला होता. मागच्या बाकावर काहीतरी खुसफुस ऐकू आली, म्हणून गेलो. बघतो तर काय, पुठ्ठ्याचे तुकडे कापून मुलांनी कार्डं बनवली होती. गेममध्ये असतात ना, अगदी तशी. मधे चित्र, खाली वर्गातल्या मुलाचं नाव आणि वर कोपऱ्यात मोठा आकडा. कुणाला ८९, कुणाला ८४, कुणाला ७६.

"सर, तुमी पण सांगा की! ह्याला किती द्यायचे?"

'ह्या'चं नाव मी सांगणार नाही, कारण तो हा अंक वाचतो. अंगानं जरा जाड, पळायला हळू. माझ्या खिशात लाल पेन होतंच. मास्तरांची सवय! मी हसत हसत त्याच्या कार्डावर लिहिलं, ४१. सगळा वर्ग हसला. तोही हसला. मला वाटलं, गंमत झाली.

पुढचे चार दिवस तो मैदानावर आला नाही. शाळेच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायचा. पाचव्या दिवशी मी विचारलं, "का रे, पाय दुखतोय काय?"

"न्हाई सर. एक्केचाळीसवाला कशाला पायजे संघात?"

काय बोलणार? त्या संध्याकाळी घरी गेलो आणि विचार करत बसलो. गेममधला हा आकडा येतो तरी कुठून? तो खेळाडूबद्दल खरंच किती सांगतो? त्यासाठी आपल्याला जरा मागं जावं लागेल. चला तर!

अगदी सुरुवातीच्या फुटबॉल गेममध्ये चेंडू खेळाडूच्या पायाला जणू डिंकानं चिकटलेला असायचा. पळा, वळा, चेंडू आपला पायाशीच! खऱ्या मैदानावर असं होतं का? नाही. चेंडूला पाय लागतो, तो थोडा पुढे जातो, मग आपण त्याला गाठतो. १९८९ साली 'किक ऑफ' नावाचा गेम आला. तो डिनो डिनी यांनी बनवला होता. त्यात चेंडू पायाला चिकटायचा नाही. वळताना चूक केली, की चेंडू एकीकडे आणि तुम्ही भलतीकडे! खेळायला अवघड, पण लोकांना तो आवडला.

१९९३ साली 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' आला. दिसायला झकास, पण त्यातल्या खेळाडूंची नावं बनावट होती. त्यात एक गमतीदार चूकही राहून गेली होती. समोरचा गोलकीपर चेंडू लाथाडायला लागला की त्याच्या पुढ्यात जाऊन नुसतं उभं राहायचं. चेंडू आपल्या अंगावर आपटून थेट गोलमध्ये! खऱ्या सामन्यात गोलकीपरला असं अडवलं तर पंच लगेच शिट्टी फुंकतील.

दुसरीकडे जपानच्या कोनामी कंपनीचे गेम होते. पुढं त्यांना 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' म्हणजे पीईएस हे नाव मिळालं. २०२१ पासून त्याच मालिकेचं नाव 'ईफुटबॉल' झालं आहे. खरी नावं वापरायची तर पैसे भरून परवाना घ्यावा लागतो आणि कोनामीकडे बऱ्याच संघांचा नि खेळाडूंचा परवाना नव्हता. मग लिव्हरपूलचं व्हायचं 'मर्सीसाइड रेड'. ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस एका गेममध्ये 'रॉबर्टो लार्कोस' झाला होता!

आता खरी गंमत ऐका. नाव चुकीचं असूनही खेळणारे त्याला लगेच ओळखायचे. कसे? तर तो कार्लोससारखा खेळायचा म्हणून. डावीकडून सुसाट यायचा आणि डाव्या पायानं तोफगोळा सोडायचा.

मी डी.एड.ला असताना आमच्या खोलीत एका मित्राचा जुना कॉम्प्युटर होता. त्यावर आम्ही २००६ सालचा पीईएस ६ खेळायचो. त्यात आद्रियानो नावाच्या खेळाडूची फटका मारायची ताकद इतकी जबरदस्त होती, की आद्रियानोचा संघ कुणी घ्यायचा यावरून आमची रोज भांडणं! त्याच गेममध्ये प्रत्येक खेळाडूसमोर एक रंगीत बाण असायचा. लाल बाण वर असला की आज गडी फॉर्मात, खाली असला की आज त्याचं काही खरं नाही. म्हणजे खेळाडू तोच, त्याचे आकडे तेच, पण दिवस वेगळा. मला वाटतं, त्या छोट्याशा बाणात पुष्कळ खरेपणा होता. तुमचा गणिताचा पेपर आठवा. येत असलेलं गणितही कधी कधी चुकतंच की नाही?

पुढं चित्रं इतकी सुधारली, की खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसू लागला. पण एक तक्रार खेळणारे वर्षानुवर्षं करत राहिले. चेहरे वेगळे, केस वेगळे, पण पळतात सगळे सारखेच! विचार करा, लिओनेल मेस्सीची पावलं छोटी छोटी. चेंडू डाव्या पायाशी इतका जवळ, की समोरच्याला पाय घालायला जागाच नाही. क्रिस्तियानो रोनाल्डो लांब ढांगा टाकतो. फ्री किकच्या आधी दोन्ही पाय फाकवून, ताठ उभा राहून मोठा श्वास घेतो. आर्येन रॉबेन उजव्या बाजूनं यायचा आणि हमखास आत वळून डाव्या पायानं मारायचा. सगळ्यांना माहीत असायचं, तरी त्याला अडवणं जमायचं नाही! हे तिघे एकाच चालीनं पळायला लागले, तर गेम खरा कसा वाटेल?

म्हणून गेम बनवणाऱ्यांनी मान खाली घालून काम केलं. पीईएस २०१३ मध्ये 'प्लेअर आयडी' नावाची सोय आली. निवडक नामवंत खेळाडूंची पळण्याची, वळण्याची, चेंडू पुढे ढकलण्याची लकब त्यात वेगवेगळी उतरवली होती. फिफा १३ मध्ये चेंडू थांबवणंही प्रत्येकाला सारखं जमेनासं झालं. कच्च्या खेळाडूकडे जोराचा पास आला की तो त्याच्या पायावरून उसळायचा. २०१५ साली आलेल्या फिफा १६ मध्ये पहिल्यांदाच महिलांचे १२ राष्ट्रीय संघ आले. मुलींनो, ऐकताय ना? फिफा २२ साठी तर २२ खेळाडूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून अख्खा सामना खेळायला लावला आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. त्याच गेममध्ये आपली इंडियन सुपर लीगही आली. मुंबई सिटी, एफसी गोवा हे संघ आणि बंगळुरूचा सुनील छेत्रीही! छेत्रीची उंची तशी बेताचीच. पण उंच बचावपटूंच्या मधे घुसून डोक्यानं गोल करण्यात तो पटाईत. नुसती उंची बघून त्याला कुणी हेडरचे गुण दिले असते का?

२०२३ साली हा गेम 'फिफा' हे नाव सोडून 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' झाला. त्यात १८० पेक्षा जास्त खऱ्या सामन्यांतल्या हालचाली वापरल्या होत्या. शिवाय आकड्यांच्या जोडीला 'प्लेस्टाइल' आल्या. म्हणजे हा खेळाडू कोणती गोष्ट खास आपल्या पद्धतीनं करतो, त्याची खूण.

अर्थात गेम शंभर टक्के खरा करून चालतही नाही. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. करा भागाकार. सामन्याला साधारण २.७ गोल, तेही ९० मिनिटांत. आपण गेममध्ये दहा-बारा मिनिटांत सामना संपवतो. सगळं खऱ्याच चालीनं चाललं असतं, तर बहुतेक सामने ०-० झाले असते आणि तुम्ही वैतागून मोबाइल ठेवून दिला असता! (तुमच्या आईनं पेढे वाटले असते, ते वेगळं.) थोडं खोटं चालतं. पण माणसं एकसारखी झालेली मात्र चालत नाहीत.

आता त्या आकड्याकडे वळू. गेममध्ये एका खेळाडूला पळणं, दम, पास, ताकद असे तीसहून जास्त वेगवेगळे गुण असतात. त्या सगळ्यांवरून तो एक मोठा आकडा काढतात. हे कळायला आपण एक सोपं उदाहरण घेऊ. समजा, एकाला पळण्याचे ९५, पासचे ६५, हेडरचे ८० गुण आहेत. दुसऱ्याला पळण्याचे ६०, पासचे ९५, हेडरचे ८५ आहेत. बेरीज करा. दोघांची २४०. सरासरी दोघांची ८०. कार्डावर दोघेही ८०! पण मैदानावर ते सारखे आहेत का? एकाला लांब चेंडू टाकून पळवायचं आणि दुसऱ्याकडून पास काढून घ्यायचा.

खऱ्या गेममध्ये हिशेब याहून वेगळा असतो. तिथं जागेप्रमाणे गुणांचं वजन बदलतं. गोलकीपरसाठी झेप महत्त्वाची, पुढं खेळणाऱ्यासाठी नेम. म्हणून जगातल्या उत्तम गोलकीपरला पुढं खेळायला लावलं, की त्याचा आकडा धाडकन खाली येतो. तो एका क्षणात बिघडला का? नाही. जागा चुकली.

इथं मी थांबलो, दोस्तांनो. मी ४१ लिहिला तेव्हा काय बघून लिहिला होता? फक्त त्याचं पळणं. बाकी काहीच नाही.

आणि खरं सांगू? तेवढ्यावरच भागलं नाही. टेबलावर वर्गाच्या प्रगतिपत्रकांचा गठ्ठा होता. आम्हा शिक्षकांना प्रत्येक मुलाबद्दल त्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. मी माझ्याच नोंदी वाचायला लागलो. 'दैनंदिन कामात नियमित आहे.' पुढचं पान. 'दैनंदिन कामात नियमित आहे.' त्याच्या पुढचं पान. 'गृहपाठ वेळेवर करतो.' नावं वेगळी, फोटो वेगळे आणि सगळी मुलं सारखीच पळताहेत! ज्या गेमला आपण नावं ठेवतो, तोच गेम मी वर्षभर लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "तो आकडा मी चुकीचा लिहिला. आता कार्डं उलटी करा. मागच्या कोऱ्या बाजूला आकडा लिहायचा नाही. त्या मुलाची अशी एक गोष्ट लिहायची, जी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिताच येणार नाही."

वाटलं होतं, पाच मिनिटांत आटपेल. अख्खा तास गेला! मुलं एकमेकांकडे टक लावून बघत होती, आठवत होती, खोडत होती. त्या मुलाच्या कार्डामागं एकानं लिहिलं, 'जास्त पळत नाही. पण बॉल कुठं पडणार ते त्याला आदी कळतं.' मी 'आदी'चं 'आधी' करायला पेन उचललं आणि परत खिशात ठेवलं.

त्या संध्याकाळी तो मैदानावर आला. नाही, त्यानं गोलबिल केला नाही. त्याचा संघ २-० नं हरला. पण तो मागं उभा राहिला होता आणि तीन-चार वेळा चेंडू पडायच्या आधीच तो तिथं पोहोचलेला होता. ते मी वर्षभर बघितलं कसं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. प्रगतिपत्रकं मी पुन्हा लिहायला घेतली. सगळ्या नोंदी मनासारख्या झाल्यात असं नाही. काही मुलांबद्दल काय लिहावं ते अजून सुचत नाही. म्हणजे त्यांच्याकडे मी अजून नीट बघितलेलं नाही.

परीक्षेत गुण असणारच. गेममध्ये आकडेही असणारच. त्याला इलाज नाही. पण आकडा बघितला की कार्ड उलटायला विसरू नका.

तर या आठवड्याचा उद्योग. तुमच्या वर्गातली तीन मुलं किंवा मुली निवडा. त्यातली एकजण अशी हवी, जिच्याशी तुम्ही फारसं बोलत नाही. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहा. आकडा नको, 'हुशार आहे', 'चांगला आहे' असलं काही नको. ते वाक्य दुसऱ्या कुणाला चिकटवता आलं, तर खोडा आणि पुन्हा बघा. जमलं की आधी त्या मित्राला वाचून दाखवा, मग मला पाठवा.

आणि मोबाइल? गृहपाठ झाल्यावर. एक सामना. एकच!

तुमचेच,
सर