वाल्याचा वाल्मीकी एका रात्रीत होत नाही



‘अमेझिंग ग्रेस’ हे इंग्रजी ख्रिस्ती भजन जगभर गायले जाते. देवाची अगाध कृपा, असा त्या नावाचा अर्थ. पण ते लिहिणारा जॉन न्यूटन एके काळी माणसे विकणारा होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

न्यूटनचा जन्म १७२५ सालचा, लंडनचा. सात वर्षांचा होण्याआधीच आई वारली. पुढे बापाबरोबर तो समुद्रावर गेला आणि वाया गेला. शिवीगाळ करावी, देवाची टिंगल करावी, असा त्याचा खाक्या.

मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात त्याचे जहाज वादळात सापडले. बाजू फुटून पाणी आत घुसले. जहाजात मेण आणि लाकूड भरलेले होते, दोन्ही तरंगणारी, म्हणून ते बुडता बुडता राहिले. न्यूटन तासन् तास पाणी उपसत होता. त्या वेळी त्याच्या तोंडी देवाचे नाव आले.

पुष्कळ लोक सांगतात, की त्याच रात्री त्याने तो धंदा सोडला आणि भजन लिहिले. मंडळी, तसे घडले नाही. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! वर खलाशांना जमवून रविवारची प्रार्थना चाले आणि खाली साखळदंडांत आफ्रिकेची माणसे कण्हत असत. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही आजारपणामुळे.

दहा वर्षांनी तो इंग्लंडमधल्या ओल्नी गावी पाद्री झाला. तिथे हाताने लेस विणून पोट भरणारी गरीब माणसे राहत. त्यांना समजेल अशा साध्या शब्दांत त्याने १७७३ च्या नववर्षदिनासाठी हे भजन रचले. आजची चाल त्याला १८३५ साली अमेरिकेत मिळाली.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो उघडपणे बोलला १७८८ साली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. आपण काय पाहिले, काय केले, ते त्याने छापून जाहीर केले. कबुलीला फार उशीर झाला, हेही लिहिले. १८०७ साली ब्रिटनने तो व्यापार कायद्याने बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटनने डोळे मिटले. पुढे अमेरिकेतल्या गुलामांच्या लेकरा-नातवंडांनीच हे भजन आपलेसे केले.

आपल्या वाल्याच्या अंगावरही वारूळ चढावे लागले, तेव्हा कुठे वाल्मीकी झाला. आपण शेजाऱ्याचा बांध कोरतो, भावाचा हिस्सा दाबतो आणि देवळात जाऊन घंटा वाजवतो. घंटेने बांध जागेवर येत नाही. तो आपणच मागे सारावा लागतो, आणि चूक चारचौघांत कबूल करावी लागते.

उशीर झाला म्हणून लाजू नका. पण आणखी उशीरही करू नका.