युरियाची गोणी आणि थंडीतले गवत

परभणी जिल्ह्यात कडब्याच्या जोडीला संकरित नेपियर, म्हणजे बाजरी व हत्तीगवत यांच्या संकरातून आलेले बहुवर्षीय गवत, लावले जात असले तरी त्याच्या खताचा हिशेब पुष्कळदा ऋतू न पाहताच मांडला जातो. उष्ण कटिबंधातल्या या गवताला ऊब, ओल आणि नत्र ही तिन्ही एकदम लागतात. पावसाळ्यात ती जुळून आली की कापणीनंतरचा युरिया झपाट्याने पानोपानी उतरतो, परंतु पौषात पारा १० अंशांच्या आसपास आला की फुटवे जागीच थबकतात आणि तेव्हा टाकलेली गोणी फारशी लागू पडत नाही. त्यातून येथील काळी जमीन अल्कधर्मी, त्यामुळे उघड्यावर फेकलेल्या युरियातील काही नत्र अमोनिया वायू होऊन उडतो, ते वेगळेच. उन्हाळ्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले, तर भरपूर नत्र दिलेल्या पण ताणात सापडलेल्या गवतात नायट्रेट साचून तोच हिरवा चारा जनावरांना बाधू शकतो. तेव्हा नत्राची मात्रा कापणीगणिक विभागून, ओलीवर व मातीआड द्यावी, थंडीत हात आखडता घ्यावा आणि त्या दिवसांची गरज लसूणघासासारख्या, थंडी मानवणाऱ्या द्विदल चाऱ्यावर भागवावी. असे हंगामवार वेळापत्रक वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने निदान आपल्याच जिल्ह्यात गोठ्यागोठ्यापर्यंत पोहोचवायला हवे.