वारसा बोलोन्याला, लोहाऱ्याला काय?

इटलीतील बोलोन्या नगरीच्या पियात्सा माज्जोरे या ऐतिहासिक चौकात २७ जून २०२५ च्या रात्री भव्य पडद्यावर ‘शोले’ झळकला. भारतीय वृत्तपत्रांनी ती वार्ता मोठ्या अभिमानाने छापली आणि ती अभिमानास्पद होतीही. परंतु त्या वार्तेच्या पोटात दडलेल्या एका वाक्याकडे अभिमानाच्या भरात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या ७० एमएम स्वरूपासाठी ‘शोले’ विख्यात होता, त्या स्वरूपातील त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. मूळ निगेटिव्हही पार खराब झालेली. ब्रिटनमधील एका गोदामात आणि मुंबईत जे काही सापडले, त्यातून फिल्म हेरिटेज फाउंडेशन या खासगी संस्थेने हा चित्रपट पुन्हा उभा केला. काम झाले ते बोलोन्याच्या प्रयोगशाळेत आणि पहिला खेळही तिथेच!

ज्या चित्रपटाचे संवाद या देशातील लहान मुलालाही पाठ आहेत, त्याची ही गत. मग इतरांचे काय झाले असेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

७० एमएम म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. नेहमीच्या फितीच्या दुप्पट रुंदीची फीत, तिच्या कडेने ध्वनीचे सहा चुंबकीय मार्ग आणि हे सारे पेलणारा विशाल, किंचित वक्र पडदा. भारतात हे तंत्र १९६७ च्या ‘अराउंड द वर्ल्ड’ने आणले. ‘शोले’ चित्रित झाला तो ३५ एमएमवर. नंतर लंडनमध्ये तो ७० एमएमवर मोठा करण्यात आला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. जयने उडवलेले नाणे पडले की आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून लोक वाकून पाहत, ही आठवण जुने प्रेक्षक आजही रंगवून सांगतात. ते मिनर्व्हा आज उरलेले नाही. प्रत नाही, पडदा नाही. उरली ती आठवण.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. ‘शोले’ प्रदर्शित झाला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणी लादल्याला दोन महिनेही झाले नव्हते. मूळ कथेत ठाकूर गब्बरला स्वतः ठार करतो. आणीबाणीतील सेन्सॉरला हा शेवट मानवला नाही. ऐन वेळी पोलीस येऊन धडकतात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवट भारतीय दिग्दर्शकाने भारतात चित्रित केला होता. तो पडद्यावर यायला पन्नास वर्षे आणि इटलीतला एक चौक लागला. त्याच काळात ‘किस्सा कुर्सी का’ची निगेटिव्ह आणि प्रती जप्त करून नष्ट करण्यात आल्या, हे तर जगजाहीर आहे. सत्तेने जाळले त्याचा निषेध व्हायलाच हवा आणि तो वेळोवेळी झालाही. पण जे कुणी जाळले नाही, केवळ सांभाळले नाही म्हणून गेले, त्याचा निषेध कोणी करावा आणि कोणाचा?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. आज त्याची पूर्ण प्रत नाही. १९३१ चा ‘आलम आरा’ हा देशातील पहिला बोलपट. त्याची एकही प्रत नाही आणि तो जिथे प्रदर्शित झाला ते मॅजेस्टिक चित्रपटगृहही पाडले गेले. तेराशेहून अधिक मूकपटांपैकी हाती उरले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्या-तुकड्यांत. जुन्या कृष्णधवल फिती भंगारात गेल्या, कारण त्यांच्यात चांदी होती. वारशाची किंमत आपण अक्षरशः तोळ्यावर केली. जे पुण्याच्या प्रभात नगरीत जपून ठेवले होते, त्यातील शेकडो नायट्रेट फिती ८ जानेवारी २००३ च्या आगीत गेल्या. ज्या भूमीवर ‘संत तुकाराम’ घडला आणि तेथून व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन गौरवला गेला, त्याच भूमीवर ही राख झाली. मंदिराची एक शिळा हलली तर गाव जागे होते. येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्मरण जळाले आणि चार दिवसांत विषय संपला.

आता लोहाऱ्याकडे वळू. यवतमाळला खेटून असलेले, औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे हे गाव. येथून मुंबई सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. जपलेल्या चित्रपटांचे खेळ होतात ते मुंबईच्या रिगलमध्ये, गोव्याच्या महोत्सवात, नाहीतर थेट परदेशात. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने ३६३ कोटी रुपये खर्चून २२०० चित्रपटांच्या पुनरुद्धाराची घोषणा केली. घोषणा स्वागतार्ह होती. पण हे चित्रपट दिसणार कुठे, कोणाला? डबीत जपलेला चित्रपट म्हणजे कुलपात ठेवलेली पोथी. तिचे पारायणच झाले नाही, तर ती जपली काय आणि वाळवीने खाल्ली काय?

“घरी दूरचित्रवाणी आहे, हातात मोबाइल आहे, थेटर कशाला?” असे विचारणारे शहाणे गावोगावी भेटतात. त्यांना एवढेच विचारावे की घरात देव्हारा असताना माणूस पंढरीला का जातो? सातशे-आठशे अनोळखी माणसे अंधारात एकाच वेळी हसतात, एकाच वेळी डोळे टिपतात, तेव्हा जात, पक्ष, पगार दाराबाहेर राहतो. ज्यांना संघटनेचे मर्म ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पाश्चात्त्यांचे अंधानुकरण नको, हे खरे. परंतु त्यांचे चांगले ते घेण्यास हरकत नसावी. मेलबर्नचे ॲस्टर हे १९३६ सालचे चित्रपटगृह. तेथे आजही ७० एमएमवर जुने चित्रपट दाखवले जातात. हॉलिवूडच्या १९२२ सालच्या इजिप्शियनमध्येही तेच. २०२३ मध्ये ‘ओपेनहायमर’ आला, तेव्हा तो मोठ्या आयमॅक्स फितीवर दाखवणारी चित्रपटगृहे जगात तीस होती. भारतातील त्यांत एकही नव्हते. त्या चित्रपटातील गीतेच्या प्रसंगावरून आपल्याकडे संतापाची लाट उसळली आणि तो संताप रास्तच होता. पण जगात सर्वाधिक चित्रपट काढणाऱ्या या देशात ती फीत चालवणारे एकही यंत्र नाही, याची लाज मात्र कोणालाच वाटली नाही. संतापायला काही लागत नाही, यंत्र उभारायला लागते.

यवतमाळचे नाव घेतले की आणखी एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. ज्या जिल्ह्यात शेतकरी गळफास घेतो, तिथे चित्रपटांचे चोचले कसले? प्रश्न करणारे बहुधा पुण्या-मुंबईचे असतात, हा भाग वेगळा. पण कास्तकाराला कर्जमाफी आणि बियाण्याखेरीज काहीच लागत नाही, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला आणि तो पाहण्यासाठी तेच लोक ट्रक भरभरून आले. २०२४ मध्ये नवे रूप घेतलेला ‘मंथन’ प्रथम कानला दिसला आणि त्यानंतर भारतातील चित्रपटगृहांत. ज्यांच्या पैशाने तो झाला, त्यांच्यासारख्यांच्या वस्तीपर्यंत तो किती पोचला?

लोक येणार नाहीत, ही सबबही खोटी ठरली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे ११ जुने चित्रपट १७ शहरांत लागले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रपटांना ‘हाऊसफुल्ल’चे फलक लागले. त्यात विशीतली मुले होती. बच्चनचे पहिले खेळ पाहिलेल्यांची ती नातवंडे!

मग अडचण कोणती? मालक म्हणतात, परवडत नाही. त्यात तथ्य आहे. परंतु सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तिकीट स्वस्त ठेवणाऱ्या जुन्या एकपडदा चित्रपटगृहांनाच त्याचा लाभ आहे. राज्य शासन नाट्यगृहांसाठी निधी देते. मग प्रत्येक महसुली विभागात एक जुने चित्रपटगृह निवडून त्याचा पडदा, ध्वनियंत्रणा आणि फितीचा प्रोजेक्टर यांसाठी ते का देत नाही? अमरावती विभागाच्या वाट्याला एक जरी आले, तरी लोहाऱ्याच्या पोरांना ‘संत तुकाराम’ बिस्किटाएवढ्या पडद्यावर पाहावा लागणार नाही. आणि पुनरुद्धाराला सरकारी पैसा मिळालेल्या प्रत्येक चित्रपटाचा पहिला खेळ परदेशात नव्हे, तर अशा एखाद्या जिल्ह्यात व्हावा, अशी अट घालायला कोणता कायदा आडवा येतो?

यात समाजाचा वाटाही आहे. शकुंतला रेल्वेसाठी विदर्भात निवेदने दिली गेली, आंदोलने झाली. टॉकीजला टाळे लागले तेव्हा त्या जागेत मंगल कार्यालय होणार की दुकानांचे गाळे, एवढीच चर्चा झाली. प्रोजेक्टर किलोच्या भावाने गेले. ते चालवणारे ऑपरेटर मात्र अजून आहेत. कार्बनच्या कांड्या जुळवणारे, रीळ बदलताना क्षणाचाही खंड पडू न देणारे हे कारागीर आता बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळे होऊ नये. त्यांच्या हाताखाली शिकायला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतली दोन-चार मुले पाठवावीत, आणि हे काम मुंबईहून आदेश येण्याची वाट न पाहता याच वर्षी सुरू करता येण्यासारखे आहे.