चुन्याची आग आणि पाण्याची भीती

दिवाळीच्या तोंडावर चुन्याने भाजलेले एक-दोन रुग्ण दवाखान्यात ठरलेले. रंगाचे डबे आले तरी गोठ्याला आणि परसातल्या भिंतीला अजून चुनाच लागतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. घमेल्यात चुना रटरटत होता, मुलगा वाकून पाहत होता, शिंतोडा डोळ्यात उडाला. घरच्यांनी डोळ्यात तूप घातले होते आणि पाऊण तास निघून गेला होता. पाण्याने का धुतला नाही, असे विचारले, तर वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाण्यानेच तर चुना पेटतो!"

त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजताना उष्णता शोषून घेते आणि कळीचा चुना होतो. त्या उष्णतेतला एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा तो पाणी मिळताच परत करतो. एक किलो चांगल्या कळीतून निघणाऱ्या उष्णतेत तीन लिटर गार पाण्याला उकळी यावी! (उलटा प्रकार शेतकऱ्यांना ठाऊक आहे. युरिया विरघळवताना बादली गार पडते.)

पण मुलाच्या डोळ्यात गेला तो भिजलेला चुना. त्याची आग बहुतेक उरकली होती, राहिला होता दाहक क्षार. तो बुबुळात झिरपत जातो. तूप त्याला धुऊन काढत नाही. आणि कोरडा कण गेला तरी तो डोळ्यातल्या पाण्याने तापणारच. थोडे पाणी चुना तापवते. भरपूर वाहते पाणी चुना आणि उष्णता दोन्ही वाहून नेते. लिंबाचा रस तर मुळीच नको. आम्ल आणि क्षार एकत्र आले की पुन्हा उष्णताच निघते.

तेव्हा पापण्या उघड्या धरून नळाखाली किंवा तांब्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, कण राहू देऊ नयेत आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. अंगावर कोरडी फक्की पडली तर आधी फडक्याने झटकावी, मग भरपूर पाणी.

माझे मत विचाराल तर, मुले असलेल्या घरात चुना भिजवूच नये, भिजवलेला आणावा. भिजवायचाच तर भरपूर पाण्यात थोडा थोडा चुना सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. त्या मुलाचा डोळा वाचला, पण बुबुळावर फूल राहिले. वडिलांनी आता भिंतींना डिस्टेंपर लावला आहे.