न बोललेल्या गोष्टींचा दिग्दर्शक

अमोल पालेकर हे नाव उच्चारले की आपल्या घरांतील जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ (दोन्ही १९७६) यांतील सालस, मध्यमवर्गीय तरुण उभा राहतो. ‘छोटी सी बात’मध्ये मनातले ओठांवर आणताना त्याची जी तारांबळ उडते, ती पाहून आपण हसलो; कारण ती थोडीफार आपलीच होती. परंतु हाच नट १९८१ साली ‘आक्रीत’ घेऊन दिग्दर्शक झाला, तेव्हा त्याने विषय निवडला तो मानवतच्या हत्याकांडाचा. पडद्यावर भिडस्तपणा रंगविणाऱ्या या कलावंताने दिग्दर्शक होताच भीड बाजूला ठेवली, आणि कुटुंबात ज्याविषयी मौन पाळले जाते त्यालाच वाचा दिली. याच कसोटीवर त्यांच्या पाच चित्रपटांचा क्रम येथे मांडीत आहे. ‘आक्रीत’ थोर खरा, परंतु लहानांसह पाहण्याजोगा नसल्याने त्याला या क्रमात धरलेले नाही.

पाचवा क्रमांक ‘पहेली’चा (२००५). विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये चित्रपट केला होता. पालेकरांनी तीच कथा रंगांनी आणि गाण्यांनी नटविली. विवाहानंतर लगेच पती व्यापारासाठी निघून जातो आणि त्याचे रूप घेतलेले भूत पत्नीपुढे सत्य कबूल करून तिची इच्छा विचारते. ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न तिला प्रथम विचारतो तो एक भूत, यातच कथेचे मर्म आहे. मात्र नेपथ्याच्या झगमगाटात ते काहीसे दबते.

चौथा ‘अनकही’ (१९८५). चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर तो बेतलेला आहे. मुलाची पहिली पत्नी मरणार, असे ज्योतिषी पित्याचे भाकीत. म्हणून प्रेयसीला वाचविण्यासाठी एका भाबड्या, मनाने दुबळ्या मुलीशी आधी लग्न उरकले जाते. पत्रिकेच्या आडून सुशिक्षित माणूस किती निर्दय होऊ शकतो, हे येथे दिसते. जयदेव यांचे संगीत आणि पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर, दोघांनाही या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

तिसरा ‘थोडासा रूमानी हो जाएँ’ (१९९०). तो आपल्याच प्रांतात, पचमढीत चित्रित झाला. हबीबगंजहून इटारसीमार्गे पिपरियाला उतरून आपण अनेकदा जो घाट चढलो, त्याच परिसरात हे नाट्य घडते. अवर्षणाने गांजलेले गाव, लग्न न जमलेली बिन्नी आणि पाऊस पाडण्याचे आश्वासन देणारा वाचाळ परका. अनिता कंवर यांची बिन्नी पाहताना, ‘दाखविण्याच्या’ कार्यक्रमांत पोहे घेऊन बसविलेल्या आपल्या लेकीबाळी आठवतात. त्या नकारांचे ओझे आपण त्यांना एकटीने वाहू दिले.

दुसरा ‘बनगरवाडी’ (१९९५). एका शाळामास्तराने ‘बनगरवाडी’ला पहिले स्थान द्यावे, ही अपेक्षा रास्तच. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, माणदेशातील धनगरांची वस्ती, तेथे आलेला कोवळा मास्तर आणि अखेर दुष्काळाने रिकामे होणारे गाव. आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांबरोबर आलो, असे अभिमानाने सांगतो. पुष्कळ घराणी आलीही. परंतु मागाहून केवळ पोटासाठी गाव सोडणारे कमी नव्हते, आणि त्यांची हकिकत आपण मुलांना क्वचितच सांगतो. ‘बनगरवाडी’ पाहिल्यावर ती सांगणे सोपे जाते. तरीही पहिला क्रमांक मी दुसऱ्या चित्रपटाला देतो, कारण येथील बहुतेक सारे माडगूळकरांनी आधीच देऊन ठेवले होते.

पहिला ‘ध्यासपर्व’ (२००१). महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. किशोर कदम यांनी रघुनाथराव आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाई साकारल्या. ध्येयवेड्या पुरुषाच्या संसाराचा भार कोण वाहते, याचा विसर चित्रपटाला पडत नाही. ‘हा विषय घरात कसा दाखवावा?’ असे काही वडीलधारे विचारतील. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर माझे मत ठाम आहे: जे ज्ञान मुलांना घरात मिळत नाही, ते त्यांना बाहेर विकृत स्वरूपात मिळते. वयात आलेल्या मुलामुलींना शेजारी बसवून हा चित्रपट पाहावा आणि नंतर दिवा मालवून झोपी न जाता थोडे बोलावे. बोलणे अवघड जाईल. ‘छोटी सी बात’मधल्या त्या तरुणालाही गेले होते.

हा क्रम माझा झाला. आपल्या घरचा क्रम वेगळा असेल, तर तो कारणांसह संपादकांकडे जरूर पाठवावा.