पत्ता आणि पत

बँकेत असताना अकोला स्थानकाच्या फलाटावर रात्र काढणारा एक मजूर माझ्याकडे खाते उघडण्यास आला होता. पत्त्याचा पुरावा नव्हता. मी त्यास परत पाठवले. नियम पाळला गेला, पण तो प्रसंग आजही मनाला सलतो.

लंडनमध्ये १९९१ साली जॉन बर्ड व गॉर्डन रॉडिक यांनी ‘द बिग इश्यू’ हे नियतकालिक सुरू केले. बेघर विक्रेत्यास प्रारंभी काही अंक विनामूल्य मिळतात. पुढील अंक तो निम्म्या किमतीस घेतो व रस्त्यावर पूर्ण किमतीस विकतो. नफा त्याचा, न खपलेल्या अंकांचा तोटाही त्याचाच. ही भिक्षा नव्हे, व्यापार आहे. दिल्लीत तर २००३ पासून रस्त्यावरील व कष्टकरी मुले ‘बालकनामा’ या पत्रातून स्वतःच्या बातम्या स्वतः देत आली आहेत.

नवख्या दुकानदारास पहिला माल उधार देण्याची रीत आपल्या पेढ्यांना नवी नाही. अन्नदान अवश्य करावे. परंतु एखाद्या निराधारास विक्रीचा पहिला माल विश्वासाने देऊन पाहावा. पत्ता नसलेल्या माणसालाही पत असू शकते, हे मला निवृत्तीनंतर उमगले.