विद्यापीठाआधी देशाची ओळख

बारावीचे आणि पदवी परीक्षांचे निकाल लागले, की वऱ्हाडातील घराघरांत पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. एके काळी ही चर्चा अमरावती की नागपूर, फार तर पुणे की मुंबई, एवढ्यावर थांबत असे. आज तिच्यात जर्मनी, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ही नावे सहज येतात. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा जग आणखी एक पाऊल जवळ आल्यासारखे अनेकांना वाटले. देशपातळीवरील आकडेही हेच सांगतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ही संख्या ४९ हजारांच्या घरात होती आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला लागला.

ही आकांक्षा स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या पोटात एक उणीव दडलेली आहे आणि तिच्याकडे पालकांचे, महाविद्यालयांचे व आपल्या धर्मग्रामांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. जाणारा विद्यार्थी विद्यापीठाचे नाव, त्याचा जागतिक क्रमांक, शुल्क आणि व्हिसाची कागदपत्रे यांविषयी भरभरून बोलतो. मात्र ज्या देशात तो दोन, चार वा सहा वर्षे राहणार आहे, त्या देशाविषयी विचारले तर त्याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत संपते. प्रवेश विद्यापीठात मिळतो. जगावे मात्र देशात लागते.

माहिती कोण देतो?

देशाची माहिती नसते असे नाही. ती मिळते, पण बहुधा एकाच ठिकाणाहून. शहरांत जागोजागी फलक लावून बसलेल्या सल्ला केंद्रांतून ती मिळते. या केंद्रांपैकी काही प्रामाणिक आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांचा व्यवहार कसा चालतो, हे पालकांनी समजून घ्यावे. अनेक परदेशी विद्यापीठे व खासगी महाविद्यालये विद्यार्थी मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला दलाली देतात. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे, जेथे बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाममात्र आहे, अशी दलाली सहसा देत नाहीत. तेव्हा जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला मोठे शुल्क आकारणाऱ्या खासगी संस्थेचेच नाव वारंवार का सुचविले जाते, हे कोडे आपोआप सुटते. विकणाऱ्याने मालाचे गुण सांगावेत, यात नवल नाही. दोष घेणाऱ्याने शोधायचे असतात.

त्याची किंमत किती होऊ शकते, हे २०२३ साली दिसले. पंजाबातील शेकडो विद्यार्थ्यांची कॅनडातील प्रवेशपत्रे बनावट निघाल्याचे तेव्हा उघडकीस आले. ती मुले तेथे राहत होती, शिकत होती, काम करीत होती. अनेकांना आपल्या कागदाचा खोटेपणा देशाबाहेर काढण्याची नोटीस हाती पडल्यावरच कळला. ज्या महाविद्यालयाच्या नावाने पत्र आले, त्या महाविद्यालयाला थेट एक पत्र लिहून विचारणा केली असती, तर कितीतरी जणांचे नुकसान टळले असते.

आनंदीबाईंची तीन वर्षे

या संदर्भात मराठी वाचकांना परिचित असलेले एक उदाहरण नव्याने वाचण्यासारखे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्क येथे पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. हे सारे आपण शाळेत शिकतो. त्या आधीची तीन वर्षे मात्र आपल्या ध्यानात राहत नाहीत. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते वाचले आणि १८८० पासून या दोन घरांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. रीतिरिवाज, धर्म, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य अशा अनेक विषयांवर ही पत्रे गेली व आली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी आनंदीबाईंना त्या देशातील एक घर आतून माहीत झाले होते आणि तेथील एक कुटुंब त्यांना आपली मानत होते.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देशाची ओळख पत्रांतून होऊ शकली. तेथील थंडीची होऊ शकली नाही. पोशाख, आहार आणि हिवाळा यांच्या ओढाताणीत त्यांची प्रकृती ढासळली, क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. परक्या देशातील हवा, घर आणि जेवण या गोष्टी अभ्यासक्रमाइतक्याच गंभीरपणे घ्याव्या लागतात, हे त्यांच्या अल्पायुष्यातून आपण शिकायला हवे.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे सुमारे पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शासनपद्धती, शाळा, घरे, स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन त्यांनी आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत केले. आपण जे पाहिले ते मागे राहिलेल्यांना कळावे, ही जबाबदारी त्यांनी मानली. आज हजारो मराठी मुले जगभर शिकत असताना असे लेखन किती होते, हा प्रश्न स्वतःला विचारण्याजोगा आहे.

नेमके काय जाणून घ्यावे?

पहिली गोष्ट पैशाची. जर्मनीचा व्हिसा मागताना वर्षाच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, खास बंद खात्यात भरावे लागतात, अशी अट सप्टेंबर २०२४ पासून आहे. कॅनडाने ही निर्वाहाची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १० हजारांवरून २०,६३५ डॉलरवर नेली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ डॉलर केली. शिक्षणशुल्क व प्रवासखर्च वेगळा. आता वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाचा विचार करा. बऱ्याच बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत. मग राहते घर गहाण पडते, नाहीतर कपाशी-सोयाबीनचे चार एकर विकले जातात. अल्पसंख्याक समाजातील, म्हणजे आपल्याही, विद्यार्थ्यांना परदेशातील शिक्षणाच्या कर्जावर व्याजात सवलत देणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या माहितीच्या भरवशावर तिचा हिशेब कोणी धरू नये.

‘तेथे गेल्यावर काम करून फेडू’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. कायदा काय म्हणतो, हे आधी पाहावे. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून बाहेरच्या कामाची मर्यादा २४ तास आहे. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करता येत नाही. एवढ्या तासांत फार तर जेवणाचा व खोलीचा काही खर्च निघतो. शुल्क आणि कर्जाचा हप्ता निघत नाही.

दुसरी गोष्ट नियमांच्या चंचलतेची. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे तेथील सरकारने ठरविले. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. या निर्णयांमागे घरांची टंचाई, निवडणुका, स्थानिक लोकांचा रोष अशी कारणे आहेत. त्या देशाची वृत्तपत्रे सहा महिने वाचणाऱ्याला वाऱ्याची दिशा कळते. न वाचणाऱ्याला निर्णयच कळतो, आणि तोही उशिरा.

तिसरी गोष्ट वैद्यकीय शिक्षणाची. येथे अज्ञान सर्वांत महाग पडते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच देशात बारा महिन्यांच्या आंतरवासितेसह पूर्ण केलेला असला पाहिजे. भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा द्यावी लागते. ३०० गुणांपैकी १५० गुण मिळविणे आवश्यक असते आणि प्रत्येक वेळी बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण होतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले आणि सुमारे २२,५०० भारतीयांना तेथून परत आणावे लागले. त्यांत बहुतांश विद्यार्थी होते. त्या देशाच्या पूर्व भागात २०१४ पासून लढाई चालू होती, हे प्रवेश घेताना किती पालकांना सांगितले गेले होते?

चौथी गोष्ट भाषेची आणि वर्गाची. जर्मनीत अभ्यासक्रम इंग्रजीत मिळाला, तरी घरमालक, दवाखाना, सरकारी कचेरी आणि अर्धवेळ काम यांची भाषा जर्मनच असते. ख्रिस्तसभेची यातील पद्धत अनुभवाने ठरलेली आहे. रोमला उच्च शिक्षणासाठी जाणारा धर्मगुरू आधी काही महिने इटालियन शिकतो, तेथील लोकांत राहतो आणि मग व्याख्यानाला बसतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यातही जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाला स्थान द्यावे लागले. वर्गातील रीतही वेगळी असते. आपला विद्यार्थी टिपणे पाठ करून मोठा झालेला असतो. तेथे प्राध्यापकाला प्रश्न विचारणे हा अनादर मानला जात नाही. उलट दुसऱ्याचे परिच्छेद उल्लेखाशिवाय उतरविणे हा मोठा अपराध ठरतो आणि त्यासाठी प्रवेशही रद्द होऊ शकतो.

‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे काही पालक म्हणतात. म्हण खोटी नाही. पण गावाकडे मुलाला पोहायला शिकवणारा बाप आधी विहिरीचे पाणी पाहतो, त्याच्या कमरेला दोर बांधतो आणि स्वतः काठावर उभा राहतो.

आपल्या हाती काय आहे?

वऱ्हाडाला परदेशी शिक्षण नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले. त्यासाठी घरची शेती गहाण पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकून ते परतले, १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. एका घराची गहाण पडलेली शेती अशा रीतीने साऱ्या प्रदेशाच्या उपयोगी आली. अलीकडच्या काळात बुलढाणा जिल्ह्यातील पिंप्री खंदारे या गावचे राजू केंद्रे २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकले. त्यांची एकलव्य ही संस्था घरात प्रथमच शिकणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखविते. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला वाट सांगावी, हीच रमाबाईंची रीत आहे.

यातून आपल्या धर्मग्रामांना व महाविद्यालयांना करता येण्याजोगी कामे स्पष्ट दिसतात. सुटीत घरी आलेल्या विद्यार्थ्याला केवळ हार घालून सत्कार करू नये. त्याला एक संध्याकाळ बसवून खरे काय ते विचारावे. भाडे किती, आजारी पडल्यावर काय केले, एकटेपणाच्या रात्री कोणाला फोन केला, कर्ज किती फिटले? जाऊ इच्छिणाऱ्याने निदान तिघांशी बोलावे : एक जो तेथे स्थिरावला, एक जो सध्या शिकत आहे आणि एक जो अर्ध्यावर परतला. या तिसऱ्याचे बोल सर्वांत मोलाचे असतात. आपला समाज त्याला लाजवतो, म्हणून तो गप्प राहतो. जर्मनीची डीएएडी, अमेरिकेची एज्युकेशनयूएसए, फ्रान्सची कॅम्पस फ्रान्स या अधिकृत संस्थांकडून विनामूल्य माहिती मिळते. सल्ला केंद्राचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी ती घ्यावी. जेथे जायचे त्या शहरातील चर्चचा व विद्यार्थी-सेवाकेंद्राचा पत्ताही आधीच मिळवावा. पहिल्या हिवाळ्यात ओळखीचा एक चेहरा फार मोठा आधार असतो.

एवढी चौकशी केल्यावर एखादे कुटुंब ‘यंदा नको’ किंवा ‘हा देश नको’ असे ठरवील, तर तो पराभव नव्हे. आई-वडिलांची जमीन, मुलीची प्रकृती आणि मुलाची सहा वर्षे यांचे मोल जाणून घेतलेला तो निर्णय असेल. आणि जे जातील, ते अनोळखी मुलखात भांबावून न जाता डोळे उघडे ठेवून जातील. पालकांनो, तिकीट काढण्यापूर्वी निदान एक वर्ष या ओळखीसाठी राखून ठेवा. आनंदीबाईंना एका पत्राच्या उत्तरासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागे. आपल्याला ते उत्तर आज संध्याकाळपर्यंत मिळू शकते. प्रश्न मात्र आपणच विचारायला हवेत.